फोनचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर आता क्यूआर कोड छापलेला असतो. फोन त्यावर धरला की पाठाशी जोडलेलं साहित्य उघडतं. कविता ऐकवायची असो, एखाद्या लेखकाची मुलाखत असो की समूहगीताची चाल, सगळं शिक्षकांच्या खिशात आलं आहे. भाषेच्या चार कौशल्यांत श्रवण पहिलं, आणि त्याची सामग्री इतकी हाताशी पूर्वी कधीच नव्हती. अडचण एकच उरते. फोनचा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे नीट जात नाही. मागची मुलं मग आपापसात बोलू लागतात आणि आपण म्हणतो, यांचं लक्षच नसतं. पुष्कळदा त्यांच्यापर्यंत शब्द पोचलेलेच नसतात.

म्हणून शाळा एक छोटा स्पीकर घ्यायचं ठरवते. पुण्यात अशा खरेदीसाठी पावलं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीकडे वळतात. दुकानदार विचारतो, ‘किती वॉटचा देऊ?’ आणि आपण बजेटात बसेल तेवढा मोठा आकडा सांगतो. पण वर्गासाठी स्पीकर निवडताना वॉट हा पहिला प्रश्न नव्हेच. मग पहिला प्रश्न कोणता? तो समजण्यासाठी आधी त्या डबीच्या आत डोकावू या.

डबीत असतं तरी काय?

घरात एखादा बिघडलेला जुना रेडिओ असेल तर त्यातला स्पीकर काढून घ्या. त्याच्या मागच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर जोडा. ‘टक्’ असा आवाज येईल आणि कागदी पडदा किंचित पुढे किंवा मागे सरकलेला दिसेल. सेलची टोकं उलटी जोडली तर पडदा उलट दिशेला सरकेल. स्पीकरचं सगळं रहस्य यात आलं. पडद्याला मागच्या बाजूने बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत मोकळं असतं. तारेतून वीज वाहिली की वेटोळ्यावर बल लागतं, आणि विजेची दिशा बदलली की बलाची दिशा बदलते. सेकंदाला ४४० वेळा दिशा बदलणारी वीज दिली तर पडदा सेकंदाला ४४० वेळा पुढेमागे होतो, समोरची हवा ढकलतो, आणि आपल्याला ४४० हर्ट्झचा स्वर ऐकू येतो.

अशा रचनेचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी अमेरिकेत १९२५ साली मांडला. आजही तत्त्व तेच आहे. बदललं ते आकारमान. १९८०च्या दशकात निओडिमियमची अतिशय प्रबळ चुंबकं आली, १९९१पासून लिथियम-आयन बॅटऱ्या बाजारात आल्या, आणि फारशी न तापणारे छोटे ॲम्प्लिफायर आले. या तिन्हींमुळे आवाजाची आख्खी व्यवस्था मुठीत मावू लागली.

खर्ज कुठे गेला?

छोट्या स्पीकरवर तबला ऐकताना उजव्या हाताची ‘ता’ ठणठणीत वाजते, पण डग्ग्याचा ‘घे’ फुसका वाटतो. हा स्पीकर बनवणाऱ्याचा आळस नव्हे. इथे भौतिकशास्त्र आडवं येतं.

गायकाचा षड्ज काळी एकचा असेल, तर तो सुमारे १३८ हर्ट्झचा असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्या म्हणजे ६९ हर्ट्झची असते. समजा, आपल्या स्पीकरचा पडदा ४ सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि एक मीटर अंतरावर ८० डेसिबेलचा, म्हणजे बऱ्यापैकी मोठा, आवाज हवा आहे. ६९ हर्ट्झसाठी हा पडदा मध्यापासून सुमारे सव्वा सेंटिमीटर पुढे आणि तितकाच मागे हलावा लागेल. मुठीएवढ्या डबीत तेवढी जागाच नसते. याउलट दहापट वारंवारतेचा, म्हणजे ६९० हर्ट्झचा, स्वर तितक्याच जोरात काढायला पडद्याची हालचाल शंभरपट कमी, मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढी, पुरते. वारंवारता निम्मी केली की हालचाल चौपट लागते, असा हा हिशेब आहे. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात त्या याचसाठी. छाती हादरवणाऱ्या खालच्या स्वरांना खूप मोठं पृष्ठफळ लागतं.

छोट्या स्पीकरचे निर्माते यावर दोन उपाय करतात. डबीच्या कडेला थरथरणारा रबरी पडदा तुम्ही पाहिला असेल. त्याला ना वेटोळं असतं ना चुंबक. आतली हवा त्याला ढकलते आणि तो ठरावीक खालच्या स्वरांना साथ देतो. दुसरा उपाय आवाजाच्या बटणाशी जोडलेला असतो. आवाज मोठा केला की आतली चिप खर्जाचा भाग मुकाट्याने कमी करते, नाहीतर पडदा फाटेल. म्हणून हळू आवाजात भरदार वाटलेला स्पीकर जोरात लावल्यावर पत्र्यासारखा वाजू शकतो.

तरीही आपल्याला तंबोरा तंबोराच वाटतो, हे कसं? ६९ हर्ट्झच्या तारेतून १३८, २०७, २७६ अशा पटीतले स्वरही निघतात. स्पीकर मूळ स्वर गाळून हे वरचे स्वर देतो, आणि आपला मेंदू त्यांच्यातल्या अंतरावरून मूळ स्वर ओळखतो. टेलिफोनवर आपण हे रोज करतो. जुनी टेलिफोनची व्यवस्था ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवायची. पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारता १००-१२० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पट्ट्याच्या बाहेर. तरी पलीकडून वडील बोलतायत की आई, हे लगेच कळायचं.

थोडक्यात, खालचे स्वर कमी आले तर मेंदू सांभाळून घेतो. वरचे स्वर हरवले तर मात्र तो फारसं काही करू शकत नाही.

सदाशिवातला स की शनिवारातला श?

फोनवर पत्ता सांगताना ‘सदाशिवातला स’ असं का सांगावं लागतं? स्वरांची, म्हणजे आ, ई, ऊ यांची, बहुतेक ऊर्जा ३००० हर्ट्झच्या खाली असते. ‘श’ची ऊर्जा साधारण २५०० हर्ट्झपासून पुढे असते, तर ‘स’ची मुख्यतः ४०००-५००० हर्ट्झच्याही वर. पट्टा ३४०० हर्ट्झला संपला की ‘स’चा गाभाच कापला जातो. ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’, ‘क’ आणि ‘ख’ यांतला फरक तर श्वासाच्या एका छोट्या झोताचा. तो क्षीण असतो आणि क्षणात संपतो.

बोलण्याचा जोर स्वरांत असतो, पण अर्थ ओळखायचा तो बराचसा या क्षीण व्यंजनांवरून. मोठ्या माणसाला एखादा शब्द अर्धवट ऐकू आला तरी तो संदर्भाने भरून काढतो. मुलांचा शब्दसंग्रह अजून तयार होत असतो. ज्याच्या घरची भाषा मराठी नाही, त्याला तर भरून काढायला हाताशी काहीच नसतं. एखादा शब्द तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असतो, आणि तोही अर्धाच. वर्गातल्या स्पीकरची निवड म्हणूनच गंभीरपणे करायला हवी.

वॉटचा हिशेब

आता वॉटकडे वळू या. खोक्यावर १० वॉट आणि १० तास असे दोन्ही आकडे असतात. ते खरोखर एकत्र लागू असतील तर बॅटरीत १०० वॉट-तास ऊर्जा हवी. पण बॅटरीवर पाहा. समजा, तिथे २००० मिलिॲम्पिअर-तास आणि ३.७ व्होल्ट लिहिलंय. गुणाकार केला तर ७.४ वॉट-तास येतात. दहा तासांत वाटले तर सरासरी पाऊण वॉटही होत नाही! यात फसवणूकच असते असं नाही. संगीतात आणि बोलण्यात मोठे आवाज क्षणभराचे असतात आणि सरासरी शक्ती खूप कमी लागते. शिवाय तासांचा आकडा मध्यम आवाजावर मोजलेला असतो. मात्र हा गुणाकार दहावीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावा. खोक्यावरचे आकडे वाचायची ती चांगली सवय आहे.

वॉटपुढे ‘आरएमएस’ लिहिलं असेल तर तो सतत पेलता येणारा आकडा. ‘पीएमपीओ’ असं लिहून शेकडो किंवा हजारो वॉट छापलेले असतील तर तिकडे लक्ष देऊ नये. तो आकडा कसा काढायचा याचं सर्वमान्य मोजमापच नाही.

वॉट दुप्पट केले तर आवाज किती वाढतो? फक्त ३ डेसिबेल. हा फरक जेमतेम जाणवतो. आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबेल वाढ, म्हणजे दसपट वॉट लागतात. आणि अंतर? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबेलने उतरतो. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबेलने चढतो, म्हणजे वॉट चौपट केल्याइतका! हे दोन नियम शेजारी ठेवून एक गणित करू.

छोटा स्पीकर १ वॉटला १ मीटरवर सुमारे ८० डेसिबेल देतो असं धरू. ५ वॉटला तो ८७ देईल. स्पीकर शिक्षकांच्या टेबलावर आहे, पहिला बाक १ मीटरवर आणि शेवटचा ८ मीटरवर. १ ते ८ म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झालं, म्हणून शेवटच्या बाकावर ६९ डेसिबेल पोचतील. मुलांना बोलणं स्पष्ट कळायला ते भोवतालच्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबेलने वर असावं, असं श्रवणतज्ज्ञ सांगतात. पंखे चालू, खिडक्या उघड्या आणि बाहेर बाजीराव रस्त्यासारखी रहदारी असेल तर ६० डेसिबेल गोंगाट धरावा लागेल. म्हणजे मागे ७५ हवेत. ६ डेसिबेल कमी पडतात.

पहिला उपाय २० वॉटचा स्पीकर आणण्याचा. मागे ७५ पोचतील, पण पहिल्या बाकावर ९३ आदळतील. दुसरा उपाय म्हणजे ५ वॉटचाच स्पीकर उचलून वर्गाच्या मध्यावर ठेवायचा. आता शेवटचा बाक ४ मीटरवर आला आणि तिथे तेच ७५ मिळाले! खर्च शून्य. तो मध्यावरच पण उंच फळीवर किंवा कपाटावर ठेवला, की कोणतंच मूल त्याच्या दोन मीटरच्या आत येत नाही आणि सर्वांत जवळच्यालाही ८१च्या वर ऐकू येत नाही. खिडक्या लावून रहदारी १० डेसिबेलने कमी करता आली तर तीही तितक्याच मोलाची.

हे गणित मोकळ्या जागेचं आहे आणि त्यात स्पीकरचा सर्वांत मोठा आवाज धरला आहे. बोलण्याची सरासरी याहून खाली असते, म्हणून थोडा हात राखून ५ ते १० वॉट आरएमएसचा स्पीकर चाळीस मुलांच्या वर्गाला पुरावा. मैदानावरच्या प्रार्थनेला तो पुरणार नाही. ते काम वेगळ्या साधनाचं आहे.

खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे मागे पोचणारा आवाज गणितापेक्षा जास्त भरतो. पण हा परतलेला आवाज मदत करतोच असं नाही. सिमेंटच्या भिंती आणि फरशी असलेल्या वर्गात एक अक्षर विरायच्या आत दुसरं येतं, आणि स्वरांची घुमण त्या क्षीण व्यंजनांवर पांघरूण घालते. वॉट वाढवले की थेट आवाज आणि घुमण दोन्ही सारखीच वाढतात, म्हणजे स्पष्टतेत काहीच भर पडत नाही. स्पीकर जवळ आणला की थेट येणारा आवाज वाढतो आणि घुमण जवळपास तितकीच राहते. मागच्या भिंतीवर सतरंजी टांगली किंवा मुलांच्या चित्रांचे जाड कापडी फलक लावले, तर घुमण आणखी उतरते.

वर्गात करून पाहा

हे सगळं आमच्या शब्दावर मानायचं कारण नाही. एका विद्यार्थ्याकडून पुढचे शब्द सरमिसळ क्रमाने, प्रत्येकानंतर पाच सेकंद थांबून, फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या: साल, शाल, चाल, पार, फार, तर, थर, दार, धार, कार, खार, बार, भार, सर, शर. स्पीकर टेबलावर ठेवून वाजवा आणि सगळ्यांना शब्द लिहू द्या. मग शब्दांचा क्रम बदलून, आवाजाचं बटण तसंच ठेवून, स्पीकर मध्यावर उंच ठेवा आणि पुन्हा लिहू द्या. प्रत्येक बाकावर चुकलेले शब्द मोजा आणि फळ्यावर वर्गाचा नकाशा काढून त्यात आकडे भरा. तिसरी फेरी खिडक्या बंद करून घेता येईल. कोणत्या जोड्या जास्त चुकतात, हेही पाहा.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट हाती लागू शकते. एखादा मुलगा स्पीकर कुठेही ठेवला तरी सतत चुकत असेल, तर त्याच्या पालकांना कानाची तपासणी करायला जरूर सांगावं. त्याचं दुर्लक्ष हे कदाचित दुर्लक्ष नसेलच.

बिनतारी की तार?

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी वापरतं. या लहरी मोकळ्या जागेत साधारण दहा मीटर नीट पोचतात, पण माणसाच्या शरीरातलं पाणी त्या शोषतं. फोन मागच्या खिशात ठेवून स्पीकरकडे तोंड केलं तर आवाज तुटू शकतो. फोन टेबलावर मोकळा ठेवावा.

दुसरी गोष्ट उशिराची. आवाजाची माहिती दाबून पाठवायची आणि पलीकडे उलगडायची, यात ब्लूटूथला सेकंदाचा पाचवा भागही लागू शकतो. ०.२ सेकंदात ध्वनी हवेतून सुमारे ६८ मीटर जातो. म्हणजे ६८ मीटरवर उभ्या माणसाने वाजवलेली टाळी ऐकण्यासारखंच झालं. कविता, भाषण किंवा तंबोऱ्याचं ॲप यांना हा उशीर चालतो. चित्रफीत दाखवणारी बरीच ॲप तो सांभाळून घेतात. पण फोनच्या पडद्यावर पेटी वाजवून मुलांना स्वर द्यायचे असतील तर बोट आणि स्वर यांची फारकत होते. अशा वेळी तारच हवी. म्हणून स्पीकरला तारेची साधी जागा आहे ना, हे पाहून घ्यावं. फोनला ती जागा नसेल तर छोटा जोड मिळतो.

दुकानात काय कराल?

आपला फोन न्या आणि त्यात वर्गात लावणार तेच साहित्य आधी उतरवून ठेवा: एक कवितावाचन, एक समूहगीत, आणि तबल्याच्या साथीचं एखादं गाणं. दुकानदार लावील ती धून ढोलताशाची असेल, तर तिच्यावरून वर्गातलं काहीच कळणार नाही. आवाज तीन-चतुर्थांश ठेवा आणि आठ पावलं मागे जाऊन पाठ फिरवून ऐका. गल्लीतला गोंगाट आयताच आहे, तो वर्गापेक्षा कठीण परीक्षा घेईल. ‘स’ आणि ‘श’ वेगळे कळतात का? पूर्ण आवाजावर शब्द चिरकतात का? दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच चांगला वाटतो. एकाच डबीत स्टिरिओ असल्याच्या जाहिरातीला पैसे मोजू नका. चार मीटरवर ते दोन आवाज एकच होतात.

भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक खोक्यावर पाहा. आत लिथियम बॅटरी असते, आणि ती मुलांच्या गराड्यात राहणार असते. ‘आयपीएक्स७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. सहलीला न्यायचा असेल तर ते उपयोगी, वर्गासाठी त्याची गरज नाही.

विकत घेतल्यानंतर

बॅटरी काही शे वेळा चार्ज झाली की तिची क्षमता उतरू लागते. मे महिन्याच्या सुटीत स्पीकर रिकाम्या बॅटरीने कपाटात टाकू नका, साधारण अर्धी भरून ठेवा. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली तर कायमची जाते.

आणि कानांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबेल ही सुरक्षित मर्यादा सांगितली. दर ३ डेसिबेल वाढीला ही वेळ निम्मी होते, म्हणजे ७८ला २० तास, ८१ला १० तास आणि ८४ला ५ तास. पहिल्या बाकावरच्या ९३ डेसिबेलला ही वेळ जेमतेम ३८ मिनिटं उरते, तीही आठवडाभरात मिळून. फोनवर डेसिबेल मोजणारी ॲप मिळतात. त्यांचा आकडा काटेकोर नसतो, पण पुढच्या आणि मागच्या बाकाची तुलना करायला पुरतो. शेजारच्या वर्गाचाही विचार हवा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवतीचा १०० मीटर परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबेल आहे. रस्त्याकडून ही शांतता मागताना आपल्या खिडकीतून काय बाहेर जातं, हेही पाहायला हवं.

तेव्हा ‘किती वॉटचा देऊ?’ असं दुकानदाराने विचारलं, तर त्याला आपल्या वर्गाची लांबी सांगा, आणि स्पीकर मध्यावर ठेवता येईल अशी फळी शाळेच्या सुताराकडून आधी ठोकून घ्या. पहिला प्रश्न हाच आहे: सर्वांत लांबचं मूल किती अंतरावर बसतं?